मुलांचा खेळवर्ग सुरू करताय? या चुका टाळा

सोसायटीच्या आवारात, वस्तीत, गावच्या शाळेच्या मैदानावर मुलांना खेळवायला पुढे येणारी माणसं मला फार मोलाची वाटतात. म्हणूनच त्यांचे वर्ग दीड-दोन महिन्यांत बंद पडताना पाहून वाईट वाटतं. कारणं बहुतेक वेळा तीच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलांना 'बाद' करणारे खेळ. संगीत खुर्ची, डॉजबॉल हे खेळ घ्यायला सोपे, पालकांना बघायला मजेदार. पण त्यात पहिलं बाद कोण होतं? जे मूल हळू पळतं, ज्याला धाप लागते ते. म्हणजे ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, ज्याच्यासाठी वर्ग काढला, तेच मूल सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं. पुण्याच्या एका उपनगरातल्या उन्हाळी शिबिरात मी हे जवळून पाहिलं. एक जाडसर मुलगा रोज पहिल्याच फेरीत बाद व्हायचा आणि झाडाखाली जाऊन बसायचा. पुढे सगळ्यांनी पाण्याच्या बाटल्या त्याच्याकडे सांभाळायला द्यायला सुरुवात केली. त्या आठवड्यातच तो यायचा बंद झाला. आयोजक म्हणाले, "त्याला खेळाची आवडच नाही." मला त्या वाक्याचा अजून राग येतो. त्या मुलाला खेळायला दिलंच कुठे होतं?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. तुमचा वर्ग तासाभराचा असेल तर एका मुलावर नजर ठेवा आणि घड्याळ लावून बघा, ते प्रत्यक्ष किती मिनिटं पळतं. मी नेहमी कडेला उभं राहणारं मूल निवडते. माझे हुकमी खेळ दोन. विषामृतात 'विष' झालेल्या मुलाला कुणीही शिवून 'अमृत' देऊ शकतं, त्यामुळे ते लगेच पुन्हा पळायला लागतं. साखळीत पकडलेलं मूल राज्य असलेल्याचा हात धरून पळतं. खो-खो मला जिवापाड आवडतो, पण एका मैदानावर चाळीस मुलं घेऊ नका. बचावाला एका वेळी तिघंच उतरतात, बाकीचे वाट बघत बसतात. लहान गट करा, दोन-तीन छोटी मैदानं आखा. अगदी चिमुरड्यांना 'कच्चा लिंबू' करा, पण दहा वर्षांच्या मुलाला ते लेबल चिकटवू नका.

दुसरी चूक, वजनकाटा. काही लोकांना महिन्यात निकाल हवा असतो. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वजन, मग त्याचा तक्ता पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. कृपा करून हे करू नका. मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, वय आणि मुलगा-मुलगी पाहून वाचावा लागतो, मोठ्यांचे आकडे त्यांना लागू नाहीत. ते काम डॉक्टरांचं. आणि एकदा 'जाड्या' हे नाव पडलं की मूल मैदानाकडे फिरकत नाही. मोजायचंच असेल तर कोण किती दिवस आलं ते मोजा.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. पळणं ही शिक्षा ठरली की संपलं.

खेळानंतर क्रीमची बिस्किटं आणि आंब्याच्या पेयाचं खोकं वाटणारे आयोजक पाहिले की मी खोक्यामागचा तक्ता त्यांना वाचायला लावते. १०० मिलीला साखर किती, ते तिथेच छापलेलं असतं. तहानेला पाणी द्या. खाऊ म्हणून केळं, पेरू, उकडलेल्या शेंगा, चणे-गूळ पुरे. शेंगदाण्याची अॅलर्जी कुणाला आहे का, हे मात्र आधी विचारा. 'चांगलं खेळलास म्हणून चॉकलेट' हा शॉर्टकट तर नकोच. पुढच्या आठवड्यात मुलं चॉकलेटसाठी येतात.

टी-शर्ट आणि बॅनर छापण्याआधी दोऱ्या, चेंडू आणि चुना आणा. एप्रिल-मे महिन्यांत चार वाजता उन्हात वर्ग घेऊ नका, साडेपाचनंतर घ्या.

अकरा-बारा वर्षांच्या मुली गळायला लागल्या की 'त्यांना आता अभ्यास असतो' म्हणून सोडून देऊ नका. स्वच्छतागृह उघडं आहे का, परतीच्या वाटेवर दिवे आहेत का, शिकवायला एखादी ताई आहे का, हे आधी बघा. मुलींच्या घरी जाऊन आईशी बोला. मी बोलते, आणि बऱ्याच जणी परत येतात.

शेवटचं, पावसाळा. जूनमध्ये मैदानात चिखल झाला की वर्ग बंद करायची घाई करू नका. मंदिराचा सभामंडप किंवा सोसायटीचा हॉल मेमध्येच मागून ठेवा. तिथे दोरीवरच्या उड्या, लंगडी, फुगडी, सूर्यनमस्कार सगळं होतं. फरशी तेवढी कोरडी पुसून घ्या.