साखरेचे उद्दिष्ट ठरवताना आधी आपली वही पाहा

आहाराने मधुमेह आटोक्यात आणायचा असे ठरले, की प्रश्न उभा राहतो तो आकड्याचा. इंदूरमध्ये सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत प्रत्येकाचा आकडा निराळा असतो आणि शेजाऱ्याचा आकडा स्वतःला लावून घेण्याची घाई मात्र सगळ्यांना असते. तसे करू नये.

पहिला आठवडा खाण्यात काहीही न बदलता फक्त नोंदी ठेवाव्यात. सकाळी उपाशीपोटी आणि जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून (हात धुतल्यापासून नव्हे) दोन तासांनी साखर मोजावी. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला जिलबीचा पाक लागलेला असला तरी यंत्र तोच मोजते.

मग डॉक्टरांशी बोलून पल्ला ठरवावा. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० (हे सगळे आकडे दर डेसिलिटर रक्तातील मिलिग्रॅम साखरेचे), जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी (काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या खाली, असे सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते. वय बरेच झाले असेल, इतर आजार असतील किंवा साखर वारंवार उतरत असेल, तर एचबीए१सीला ८ टक्क्यांपर्यंतची मोकळीक देतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. उपाशीपोटी १९० येत असेल, तर महिन्याभरात १०० गाठण्याचा हट्ट धरण्यापेक्षा आधी १६० चा टप्पा धरावा.

खरे काम पुढे आहे, आणि ते एकेका पदार्थाचे आहे. समजा, पोहे-जिलबीच्या न्याहारीपूर्वी साखर १४० होती आणि दोन तासांनी २३० झाली, म्हणजे त्या बशीने ९० ची चढ दिली. पुढच्या आठवड्यात पोहे, शेव, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) तसेच ठेवून फक्त जिलबी काढावी आणि पुन्हा मोजावे. त्यानंतर पोहे निम्मे करून उरलेली जागा मोड आलेल्या मुगाने भरावी. एका वेळी एकच बदल केला, तरच कशाने काय झाले ते कळते. चढ ६० पर्यंत खाली आली, तर त्या न्याहारीपुरता पहिला टप्पा जमला असे समजावे. दहा-पंधराच्या फरकावर मात्र निष्कर्ष काढू नये. घरगुती यंत्रात तेवढी चूक चालतेच. एकादशीची साबुदाण्याची खिचडीही याच पद्धतीने तपासावी, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच, आणि उपवासाला त्याची बशी नेहमीपेक्षा मोठी होते.

खालची मर्यादाही वहीत लिहून ठेवावी: ७०. त्याखाली गेल्यास चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि अजून कमी असल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असलेल्यांनी पोळी-भात कमी करण्याआधीच डॉक्टरांना सांगावे, नाहीतर औषध पूर्वीइतकेच आणि अन्न निम्मे, अशी गत होते.

एचबीए१सी दर आठवड्याला तपासून उपयोग नाही, कारण त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी उतरते; ७ टक्के म्हणजे साधारण १५४ ची सरासरी. तीन महिन्यांनी ती तपासणी करून, वहीसह डॉक्टरांकडे जावे आणि पुढचा टप्पा १६० वरून १४० करायचा की तिथेच आणखी थांबायचे, ते तेव्हा ठरवावे.