शेततळ्यात मासे सोडताय? मग या चुका टाळा

आमच्या सांगोल्याकडं डाळिंबासाठी शेततळी झाली आणि पाणी आहेच तर मासे सोडू असं सगळ्यांना वाटायला लागलं. चांगलंच आहे, पण दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, हौसेनं जास्त सोडणे. कागदावर भारी दिसतं, तीन हजार मासे, एकेक किलोचे, शंभरचा भाव, झाले तीन लाख! मी पण पहिल्या वर्षी ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात ३,००० सोडली, बीजवाला म्हणाला मावतात. दहा महिने खाद्य टाकलं आणि जाळं ओढलं तर काट्यावर मासा दीडशे ग्रॅम. व्यापाऱ्यानं दोन उचलून बघितले, परत पाण्यात सोडले, म्हणाला "दादा, अजून वर्षभर ठेवा." ठेवायला पाणी कुठंय, एप्रिलमध्ये ते डाळिंबाला जाणार. निम्म्या भावात काढले आणि खाद्याची उधारी पुढं वर्षभर फेडली.

आता कटला, रोहू, मृगळ मिळून ९०० च्या वर जात नाही. त्यातले ६०० हाती लागतात असं धरा, सरासरी ७०० ग्रॅम, म्हणजे ४२० किलो, शंभरनं ४२,०००. किलोभर माशाला दीड किलो तरंगतं खाद्य धरलं तर ६३० किलो, ४५ रुपयांनी २८,३५० तिथंच गेले. बोटुकली, जाळं, मजुरी अजून बाकीच. म्हणून सांगतो, पैसा खाद्यात वाचतो, बोटुकली वाढवून नाही.

आणि खाद्य म्हणजे रोज एक घमेलं ओतलं की झालं असं नसतं. मी थोडं थोडं टाकतो, वीस मिनिटात संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी. आभाळ आलेलं असेल तर निम्मंच, कारण ऊन नसलं की पाण्यात प्राणवायू कमी तयार होतो, वर उरलेलं खाद्य कुजून राहिलेला पण खातं. पहाटे पाचला बॅटरी घेऊन तळ्यावर जा, मासे वर येऊन तोंड वासत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद आणि मोटर चालू करून पाणी उंचावरून पाडा. झोप मोडायची तयारी नसेल त्यानं या धंद्यात पडू नये, स्पष्टच सांगतो.

बोटुकलीची पिशवी आणल्या आणल्या फोडू नका, पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या. स्वस्त मिळतंय म्हणून मत्स्यजिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, घेऊ नका, तीन-चार इंची बोटुकलीच घ्या. थाई मागूर हा मासा कुणी कितीही गळ्यात मारला तरी नको, त्याच्यावर बंदी आहे.

विक्रीचं म्हणाल तर भिगवणच्या मासळी बाजारातला भाव ऐकून हिशोब मांडू नका, बर्फ, टेम्पो, आडत जाऊन हातात वेगळंच येतं. सगळं तळं एका दिवसात काढलं की व्यापारी बोलेल तो भाव घ्यावा लागतो, मासा थांबत नाही. मी शनिवारी रात्री गावच्या ग्रुपवर टाकतो, रविवारी सकाळी तीस-चाळीस किलोच काढतो आणि बांधावरच तोलून देतो.