स्टारलिंकची ट्रेन चुकते का? या चुका टाळा

स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन-९ रॉकेट आता एका खेपेत इंटरनेट पुरवणारे साधारण वीस ते तीस स्टारलिंक उपग्रह सोडतं. मे २०१९च्या पहिल्या खेपेत ६० होते. रॉकेटमधून सुटल्यावर हे उपग्रह जेमतेम ३०० किलोमीटरच्या आसपास, एकामागोमाग एक असतात. मग स्वतःच्या विद्युत इंजिनांवर हळूहळू वर सरकत ५०० किलोमीटरच्या आसपासच्या कक्षेत जातात. ओळीने जाणारी ‘ट्रेन’ दिसते ती या मधल्या काळात, त्यातही पहिल्या चार-पाच दिवसांत. नंतर उपग्रह एकमेकांपासून लांब होतात आणि अंधुकही होतात. आकाश स्वच्छ असूनही ट्रेन चुकली, तर आधी वेळापत्रकावर संशय घ्या. ते बहुधा शिळं किंवा दुसऱ्या गावचं असतं.

शिळं वेळापत्रक

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘आज संध्याकाळी ७.१२ला बघा’ ही सूचना कोणत्या शहरासाठी आणि कधी काढली, हे कुणालाच माहीत नसतं. उपग्रह इंजिन चालवत असल्यामुळे त्यांची कक्षा रोज बदलते. दोन दिवसांपूर्वीच्या आकड्यांवर काढलेली वेळ त्यामुळे काही मिनिटांनी सहज चुकते. वेळ चुकली की जागाही चुकते. ट्रेन चार मिनिटं उशिरा आली तर तेवढ्यात पृथ्वी एक अंश फिरलेली असते, म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटर. डोक्यावरून जाणारी ट्रेन मग दहा-पंधरा अंश पश्चिमेकडून जाते.

म्हणून उपग्रह दिसण्याच्या वेळा सांगणाऱ्या हेवन्स-अबव्हसारख्या (Heavens-Above) साइटवर त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तास आधी, वेळ पुन्हा काढा. ठिकाण स्वतःचं टाका. मुंबई आणि नागपूर यांच्यात सुमारे ७०० किलोमीटरचं अंतर आहे. ३०० किलोमीटर उंचीवरची ट्रेन नागपुरात बरोबर डोक्यावर असेल, तेव्हा मुंबईत ती क्षितिजापासून फक्त वीसेक अंश वर असते. तिथे समोरची इमारत आणि धुरकट हवा दोन्ही आड येतात.

आणखी दोन गोष्टी तपासा. साइटवरची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. मध्यरात्र ओलांडली तर तारीखही पुढची घ्या, पहाटेच्या फेऱ्या लोक इथेच घालवतात. दुसरं म्हणजे उड्डाण खरंच झालं का ते पाहा. उड्डाणाआधी काढलेली वेळ उड्डाण पुढे ढकललं की रद्दच समजावी.

रात्री ११ला गच्चीवर जाणं

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. त्याच्यावर ऊन आणि आपल्याकडे अंधार, असं एकाच वेळी असेल तरच तो दिसतो. ३०० किलोमीटरवरच्या ट्रेनसाठी हे गणित सोपं आहे: सूर्य क्षितिजाखाली १७ अंश गेला की डोक्यावरची ट्रेन पृथ्वीच्या सावलीत शिरते. महाराष्ट्रात ही वेळ सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने येते. ५०० किलोमीटरवर गेलेल्यांसाठी दीड-पावणेदोन तास. पश्चिमेला खाली असलेली ट्रेन आणखी थोडा वेळ टिकते, पण रात्री ११ला उभं राहून आपल्याकडे काहीच हाती लागत नाही. पहाटे हेच उलट्या क्रमाने. (लंडनमध्ये राहणाऱ्यांना मात्र जूनमध्ये हा नियम लागू नाही. तिथे सूर्य मध्यरात्रीही फार खाली जात नाही.)

संध्याकाळी ट्रेन वायव्येकडून किंवा नैऋत्येकडून वर येते आणि पूर्वेकडे जाताना मध्येच विझते. नीट पाहिलं तर प्रत्येक ठिपका आकाशातल्या जवळजवळ त्याच जागी येऊन मंद होतो आणि नाहीसा होतो. पहिला, मग दुसरा, मग तिसरा. ‘ढग आला’ म्हणून लोक पुढे शोधत बसतात. तो ढग नसतो, सावलीची कड असते. नजर त्या जागेवरच ठेवा, मागून येणारे उपग्रह तिथेच विझताना दिसतील. पहाटे याच्या उलट, ठिपके पश्चिमेच्या आकाशात अचानक उगवतात, त्यामुळे तेव्हा क्षितिजाकडे पाहत राहू नका.

दिशा आणि उंची

मॅग्नेटवालं कव्हर, गाडीचं बॉनेट, लोखंडी रेलिंग यांच्याजवळ मोबाइलचं होकायंत्र बिनदिक्कत खोटं बोलतं. कव्हर काढा, मोबाइल इंग्रजी आठच्या आकारात फिरवा आणि ध्रुवताऱ्याशी ताडून पाहा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते, पुण्यात साडेअठरा अंश. हात ताठ करून धरलेली मूठ दहा अंश व्यापते, म्हणजे दोन मुठींना थोडी कमी. साइटने दिलेली उंची मुठींनीच मोजा.

दिलेल्या वेळेआधी दहा मिनिटं बाहेर या आणि नंतर दहा मिनिटं थांबा. दोन डोळ्यांची दुर्बीण (बायनॉक्युलर) असेल तर ७×५० किंवा १०×५० पुरे. टेलिस्कोप घरीच राहू द्या, त्याच्या एक अंशाच्या दृश्यातून उपग्रह सेकंदभरात निघून जातो.

प्रत्येक रांग स्टारलिंक नसते

अ‍ॅमेझॉनचं लिओ (आधीचं नाव कायपर) आणि चीनचं छियानफान यांचेही उपग्रह तुकडीने सुटतात. लाल-हिरवं लुकलुकतं ते विमान. एकटा, फार तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका बहुधा अंतराळ स्थानक. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी विदर्भात दिसलेले जळते गोळे वेगळेच होते. ते वातावरणात शिरणाऱ्या चिनी रॉकेटचे अवशेष होते, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. ओळख अशी: ट्रेनला शेपटी नसते आणि ठिपके फुटत नाहीत. नारिंगी शेपट्या सोडत, तुकडे होत काही गेलं, तर ते जळणारं आहे. असा तुकडा शेतात सापडला तर हात न लावता पोलिसांना कळवा. टाक्यांमध्ये विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

फोटोत नुसती रेघ

मोबाइलचा नाइट मोड अनेक फ्रेम जुळवून हलणारी गोष्ट पुसतो, म्हणून तो बंद करा. प्रो मोडमध्ये फोकस अनंतावर, मोबाइल ट्रायपॉडवर आणि दोन सेकंदांचा टायमर.

खरी गफलत शटरची, म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं त्याची. डोक्यावर ट्रेन सेकंदाला सुमारे दीड अंश सरकते आणि सगळे उपग्रह त्याच वाटेने जातात. दोन ठिपक्यांत एक अंशाचं अंतर असेल तर पाऊण सेकंदात मागचा पुढच्याच्या जागी पोहोचतो आणि सगळ्यांची मिळून एक सलग रेघ उमटते. ठिपके सुटे हवे असतील तर शटर १/४ सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ठेवा, दाणेदार आलं तरी चालेल. रेघच हवी असेल तर १० सेकंद आणि आयएसओ ८००. क्षितिजाजवळ गती निम्म्याहूनही कमी दिसते, तिथे अर्धा सेकंदही चालतो.