जुना राउटर परसदारी लावताय? या चुका टाळा

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातली जुनी घरं रुंदीला कमी आणि आत लांबवर गेलेली. फायबरचा डबा, म्हणजे मुख्य राउटर, बसतो पुढच्या सोप्यात, आणि माजघर, स्वयंपाकघर ओलांडून परसदारच्या खोलीत जाईपर्यंत वायफायचा जीव जातो. खानापूरकडच्या जांभ्याच्या जाड भिंतीत तर दुसऱ्या खोलीतच रेंज पडते. अशा घरात कपाटातला जुना राउटर कामाला लावणं हा शहाणपणाचा विचार आहे. नवीन खरेदीआधी हे करून बघाच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती केबल जोडताना. सोप्यातल्या मुख्य राउटरची केबल जुन्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत) खुपसली, की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. नेट चालतं, पण मागच्या खोलीतल्या मोबाईलला पुढचा प्रिंटर दिसत नाही. म्हणून लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) घातली आणि डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटायची सोय, तसंच चालू ठेवलं, तर त्याहून वाईट. एका घरात दोन कारभारी होतात. दोघेही आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक) वाटत सुटतात आणि कधी याचं नेट बंद, कधी त्याचं. रोज राउटर बंद-चालू करून हे सुटत नाही.

क्रम असा ठेवा. जुना राउटर रीसेट करा आणि मुख्य राउटरला न जोडता, नुसता लॅपटॉपला केबलने जोडा. आधी सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, मात्र मुख्य राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो, त्यात हा येत नाही ना, ते पाहा. वायफायचं नाव-पासवर्ड भरा. डीएचसीपी सगळ्यात शेवटी बंद करा, आणि मगच दोन्ही राउटर लॅन ते लॅन जोडा. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ असा तयार मोड असेल तर यातलं बरंचसं आपोआप होतं. नवा पत्ता राउटरच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढे सेटिंग उघडायची वेळ येते तेव्हा तो कुणालाच आठवत नाही.

केबल ओढायचा कंटाळा म्हणून रिपीटर मोड (मुख्य वायफाय पकडून तेच पुढे पाठवणारा) लावणारे पुष्कळ. जुन्या एकाच बँडच्या (एकाच लहरीपट्ट्यावर चालणाऱ्या) राउटरला त्याच पट्ट्यावर सिग्नल घ्यायचे आणि त्याच पट्ट्यावर पुढे द्यायचे असतात, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तरीही तेच करायचं असेल तर राउटर रेंज मेलेल्या खोलीत ठेवू नका. जिथे मुख्य वायफाय अजून नीट मिळतं, तिथे मध्यावर ठेवा. पण माझं स्पष्ट मत केबलच्याच बाजूने आहे. कॅट ५ ई ही नेहमीची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घर कितीही लांब असो.

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवा, चॅनल मात्र वेगळा: २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. एवढं करूनही मोबाईल परसात जाऊन पुढच्याच राउटरला चिकटून राहिला, तर मुख्य राउटरची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) थोडी कमी करा.

वळवाच्या पावसाचं विसरू नका. दोन वेगळ्या इमारतींमध्ये, घरातून गोठ्याकडे किंवा शेतघराकडे, उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढली असेल, तर विजेच्या झटक्याने दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात. आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, अ‍ॅडॅप्टरबरोबर ही केबलही काढा. अ‍ॅडॅप्टर बदललेला असेल तर त्याचे व्होल्ट राउटरवर लिहिलेल्याशी जुळतात का, तेही बघा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावू नका.

सगळं जोडून वेग कमीच वाटतोय? आधी जुन्या राउटरला लॅपटॉप केबलने लावून मोजा. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसहून मोठा असूनही आकडा नव्वदीच्या घरात अडकत असेल तर बहुधा त्याचे पोर्टच १०० एमबीपीएसचे आहेत. परसातल्या व्हिडिओ कॉलला तेवढं पुरतं. केबलवर ठीक आणि वायफायवर रडत असेल तर सुरक्षेत टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली नाही ना, पाहा. त्यामुळे वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. तिच्या जागी डब्ल्यूपीए२-एईएस ही नंतरची पद्धत ठेवा. तो पर्यायच यादीत नसेल, तर त्या राउटरचा नाद सोडा आणि तो ई-कचऱ्यात द्या.