लाइव्ह लिनक्सवर कॉम्प्युटर तपासताय? या चुका टाळा

लाइव्ह लिनक्स म्हणजे मशीनवर काही इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स; विकत घ्यायचं मशीन तपासायला ते हाताशी येतं. पण पेनड्राइव्ह लावला, डेस्कटॉप उघडला, कर्सर हलला, की बरेच जण तिथंच तपासणी आटोपती घेतात. डेस्कटॉप काय, जवळपास कुठल्याही मशीनवर उघडतो. दगा देतात ते वाय-फाय, ग्राफिक्स, स्लीप आणि बॅटरी. ते नुसतं बघून कळत नाही, वापरावं लागतं.

जुनाच पेनड्राइव्ह नेणं. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतात. त्यामुळे जुन्या आयएसओवर (पेनड्राइव्हवर उतरवायची लिनक्सची फाइल) नव्या लॅपटॉपचं वाय-फाय दिसलं नाही तर लगेच मशीनला नावं ठेवू नका; आधी ताजी आवृत्ती लावून बघा. डेबियन हे लिनक्स नेणार असाल तर १२ किंवा त्यापुढची न्या. त्या आवृत्तीपासून (२०२३) वाय-फाय कार्डांना लागणारं नॉन-फ्री फर्मवेअर (हार्डवेअर कंपनीचं, मुक्त परवाना नसलेलं सॉफ्टवेअर) अधिकृत आयएसओतच मिळतं. नेटवर्कची नावं दिसली म्हणजे वाय-फाय चालतं असंही समजू नका. फोनचा हॉटस्पॉट जोडा आणि एखादी मोठी फाइल उतरवून बघा.

सेफ ग्राफिक्समध्ये सुरू करून ते विसरणं. स्क्रीन काळी पडली की बूट मेनूतला हा पर्याय निवडला जातो आणि चित्र दिसायला लागतं. पण तेव्हा खरा ग्राफिक्स ड्रायव्हर बहुधा चालूच नसतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिमची माहिती उघडा. ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ (llvmpipe) दिसलं, तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय आणि ग्राफिक्स चिपची परीक्षा अजून झालेलीच नाही. एनव्हिडियाच्या कार्डाचा लाइव्हवरचा वेगही गृहीत धरू नका; कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकल्यावर चित्र बदलू शकतं.

बॅटरीचा टक्का बघून खूश होणं. वरच्या कोपऱ्यातले १०० टक्के म्हणजे आज जेवढी मावते तेवढी भरली, एवढंच. टर्मिनलमध्ये ‘यूपॉवर’ (upower) या बॅटरीची माहिती देणाऱ्या कमांडचा तपशील काढा. त्यात पूर्ण भरल्यावरची क्षमता आणि मूळ डिझाइनची क्षमता असे दोन आकडे येतात. समजा मूळ ५० वॉट-तास आणि आता ३१, तर बॅटरी ६२ टक्क्यांवर आली आहे. जुन्या लॅपटॉपचा सौदा करताना हा आकडा विकणाऱ्यासमोरच काढावा.

झाकण न मिटणं. मिटा, मिनिटभर थांबा, उघडा. स्क्रीन, वाय-फाय आणि टचपॅड तिन्ही परत आले पाहिजेत. मात्र पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम स्लीपमधून उठताना कधीकधी पेनड्राइव्हलाच मुकते, म्हणून एकदा अडकली तर पुन्हा बूट करून बघा, मगच निकाल द्या. प्रोग्रॅम उघडायला लागणारा वेळही सोडून द्या. तो बहुतेक वेळा पेनड्राइव्हचा संथपणा असतो.

डिस्क दिसली नाही म्हणून ती मेली समजणं. इंटेलच्या काही मशीनवर स्टोरेज ‘रेड’ (RAID) किंवा ‘आरएसटी’ (RST) या इंटेलच्या खास मोडमध्ये असतं आणि लिनक्सला डिस्क दिसत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एएचसीआय (AHCI) हा साधा मोड केला की दिसते, पण तसंच ठेवलं तर आतलं विंडोज सुरू व्हायला नकार देऊ शकतं. शिवाय बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) किंवा असले पर्याय बदलल्यावर रिकव्हरी की मागितली जाते. मशीन अजून दुसऱ्याचं आहे, तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय बायोसला हात लावू नका. उबुंटू, फेडोरा, डेबियन सिक्युअर बूट चालू ठेवूनही सहसा सुरू होतात. आणि ‘ट्राय’ सोडून ‘इन्स्टॉल’ दाबू नका, हे सांगायला नकोच.

डिस्क दिसल्यावर तिचा स्मार्ट (SMART) अहवाल, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचा. नुसतं ‘पास’ पुरेसं नाही. हार्ड डिस्कवर बदललेले (खराब म्हणून बाजूला काढलेले) आणि प्रलंबित (वाचता न आलेले, संशयित) सेक्टर शून्य हवेत; प्रलंबितचा आकडा वर असेल तर डिस्क नवी घालावी लागेल हे धरून किंमत बोला. एनव्हीएमईवर (नव्या प्रकारच्या वेगवान एसएसडीवर) ‘पर्सेंटेज यूज्ड’, म्हणजे अपेक्षित आयुष्यातलं किती टक्के वापरून झालं, ते बघा.

रॅमला मात्र घाई चालत नाही. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची किमान एक फेरी पूर्ण होऊ द्या. रॅम जास्त असेल तर त्यात तास-दोन तासही जातात, म्हणून विकणाऱ्याशी वेळ आधीच ठरवा. चूक दाखवणारी एकही लाल ओळ आली तर घासाघीस करण्यात अर्थ नाही, विशेषतः रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर.