पोक्सोतल्या अल्पवयीन मुलाची नोंद: कुठे राहते, कशी मिटते

पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) खाली आरोपीच अल्पवयीन असला तर त्याच्या नोंदीचं काय होतं, त्याबद्दल हे. अमेरिकेतल्या काही राज्यांत लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या मुलाचं नाव-पत्ता इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. आपल्याकडे तसं नाही. २०१८ साली सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवहीसुद्धा फक्त तपास यंत्रणांना दिसते. गावात नाव फुटतं ते व्हॉट्सअॅपवर. मुलाचा फोटो, शाळा किंवा घराची खूण छापणं, फिरवणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित मुलीची ओळखही तितकीच झाकायची. गावात तडजोडीची बैठक बोलावणारे हेच विसरतात.

आधी वय पक्कं करा. घटनेच्या दिवशीचं वय धरतात. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. शाळेतली तारीख अंदाजे टाकलेली निघते, म्हणून ग्रामपंचायतीची नोंदही काढून ठेवा.

निकाल लागला की बाल न्याय मंडळाच्या (अल्पवयीन आरोपींची प्रकरणं चालवणाऱ्या) आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतं, तेही रोज नाही. सिरोंच्याहून गडचिरोलीला जायचं तर बैठकीचा वार आधी विचारूनच निघा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, फोन १५१००.

याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे अपिलाची मुदत किंवा नियमांतला काळ उलटला की नोंदी नष्ट करायच्या असतात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत सात वर्षांची मर्यादा आहे. आपोआप होईल म्हणून बसू नका. मंडळाकडे लेखी अर्ज द्या, पोलीस ठाण्याला आदेश गेल्याची पोच घ्या.

अपवाद मोठा आहे. सोळा वर्षांपुढच्या मुलाचा घोर गुन्हा (किमान सात वर्षांची शिक्षा असलेला) मंडळ बालन्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे प्रौढासारखा खटला चालून दोष सिद्ध झाला तर नोंद राहते, शिक्षेमुळे येणारी अपात्रताही लागते. म्हणून प्राथमिक मूल्यांकनाच्या (प्रकरण तिकडे पाठवायचं का, हे मंडळ तपासतं त्या) टप्प्यावरच वकील हवा.

मुलगा पुढे पोलीस भरतीला बसला तर खरा घोळ चारित्र्य पडताळणीत होतो. निकाली प्रकरणाची नोंद त्यासाठी देण्यास पोलिसांना मनाई आहे, तरी ठाण्यातून जुना गुन्हा क्रमांक निघतो. तेव्हा कलम ७४(२) चा उल्लेख करून आदेशाची प्रत जोडून पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करा. फॉर्ममधल्या 'गुन्हा दाखल होता का' या रकान्यात काय लिहायचं ते मात्र वकिलाला विचारूनच भरा.