अनोळखी कंपनीचा जुना श्रेडर घेताय? या चुका टाळा

कपाशीची शेवटची वेचणी झाली की खान्देशात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या उरलेल्या काड्यांचा, प्रश्न उभा राहतो. शेतात उभ्या ठेवल्या किंवा बांधावर रचल्या तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. पेटवल्या तर जमिनीच्या पोटात जायला हवं ते धुरात जातं. म्हणून चोपडा, शिरपूर, शहादा पट्ट्यात श्रेडर, म्हणजे काड्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन, हवा असतो, आणि रावेर-यावलकडे केळीच्या खांबांसाठी. नवीन परवडत नाही, मग कुणाच्या तरी शेडमध्ये पडलेलं, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचं मशीन निम्म्या भावात समोर येतं. ते घ्यायला हरकत नाही. स्टिकरवरचं नाव अनोळखी असू द्या, आतले भाग बाजारात मिळणारे असले तर मशीन वर्षानुवर्षं चालतं. नसले तर ऐन हंगामात उभं राहतं.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नवा रंग पाहून भाव ठरवणं. "मशीन गंज चांगली शे, भाऊ," म्हणजे खूप चांगली आहे, असं विकणारा म्हणणारच. तुम्ही फडकं घ्या, बेअरिंगवरचं ग्रीस पुसा आणि कडेवरचा नंबर वाचा. 6208, 6308 किंवा यूसीपी 208 असं काही दिसलं तर जीव भांड्यात पडू द्या. शेवटच्या 08 ला 5 ने गुणलं की 40, म्हणजे शाफ्ट 40 मिलिमीटरचा. ही मापं सगळ्या कंपन्यांची सारखी असतात, जळगाव किंवा धुळ्याच्या बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की काम होतं. पट्ट्यावरही 'बी 62' असा नंबर असतो, तो टिपून घ्या. पण शाफ्टला वेल्डिंगचा भराव देऊन लेथवर पुन्हा घासलेला दिसला, तर भाव बराच खाली आणा किंवा सरळ सोडून द्या.

गियर बॉक्सचं मात्र वेगळं. अनोळखी कंपनीच्या गियर बॉक्सचे दाते तुटले तर जोडीचा गियर मिळणं अवघड, बनवून घ्यावा लागतो. खालचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. त्यात लोखंडाची चमक असेल तर आत झीज सुरू आहे, ताकासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय. पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून मशीनला ताकद देणारा, शाफ्टही मोजून घ्या: मिनिटाला 540 फेऱ्यांच्या पीटीओला 6 खाचांचा, 35 मिलिमीटरचा शाफ्ट लागतो.

पात्यांकडे लोक फक्त धार बघायला जातात. धार काय, परत लावता येते. पात्याच्या कडेला निळसर पट्टा दिसतोय का ते बघा. ग्राइंडरवर जास्त तापवल्याची ती खूण, तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा टणकपणा, उतरलेलं असतं आणि अशी धार टिकत नाही. सगळी पाती एका वजनाची हवीत. एकच नवीन आणि बाकी झिजलेली असतील तर ड्रम थरथरणार आणि बेअरिंग खाणार.

केळीच्या भागातलं मशीन असेल तर अजून एक जागा तपासा. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पण उरलेला धागा चिवट. तो ड्रम आणि बेअरिंगच्या मधल्या शाफ्टला गुंडाळला जातो आणि हळूहळू ऑइल सील कापतो. चाकूने तिथला धागा काढायला लावा आणि खाली सील शाबूत आहे का पाहा. ओली कुट्टी आत राहून तळाचा पत्राही सडतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा.

चाचणीला विकणाऱ्याच्या हिरव्या फांद्या नकोत. आपल्या शेतातल्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन जा, बुडख्याकडच्या जाड काड्यांसह. जाल तेव्हा मशीन थंड हवं, आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा. पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, बंद करा, ड्रम पूर्ण थांबू द्या, मग बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. हात टेकवतच नसेल तर बेअरिंग बदलायला आलंय. आणि ट्रॅक्टर तुमचाच न्या. दुसऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरवर जे मशीन सहज चालतं, तेच तुमच्या छोट्यावर दर भाऱ्याला दम तोडू शकतं.

आता एका गोष्टीत तडजोड करू नका. माल भरभर टाकता यावा म्हणून काही जण तोंडाचा पत्रा कापून आखूड करतात. हात पात्यापर्यंत पोचू नये म्हणूनच तो लांब असतो. असं मशीन कितीही स्वस्त असो, पत्रा पुन्हा पूर्ण लांबीचा जोडल्याशिवाय सुरू करू नका. पीटीओ शाफ्टचं प्लास्टिक कव्हर नसेल तर तेही आधी बसवा. धोतर, साडीचा पदर, गळ्यातला गमछा ओढला जायला क्षणही लागत नाही.

मशीन अनुदानावर घेतलेलं असेल तर बिल आणि हमीपत्र मागा. ठराविक मुदतीत ते विकायचं नाही अशी अट असते. ती संपली का, हे कागदावरच कळतं.

घरी आणल्यावर तुकडे लांब आणि चिंध्यांसारखे पडले, तर पाती बोथट आहेत किंवा फिरतं आणि स्थिर पातं यांत फट वाढलीय. ती साधारण एक-दोन मिलिमीटर असावी. सारखं तुंबत असेल तर आधी पट्टा घसरतोय का बघा, मग फेऱ्या पुरेशा आहेत का, आणि ओला माल थोडा थोडा टाका. तुंबलेलं काढताना ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. पाती सारखी असूनही मशीन थरथरत असेल तर पीटीओ शाफ्ट काढून बघा: दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे वळणाऱ्या सांध्यांचे, आतले जबडे एका रेषेत नसतील, तर तो पुन्हा नीट जोडला की बऱ्याचदा थरथर तिथंच थांबते.